साखरेची दोन कामे: कमी कर्बोदकांचा आहार आणि आइस्क्रीम

१. प्रश्नाची मांडणी

व्हॅनिला आइस्क्रीमचा एक स्कूप साधारण ७० ग्रॅमचा भरतो आणि त्यात १५-१६ ग्रॅम कर्बोदके असतात. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत २०-२१ ग्रॅम असतात. दिवसाला १३० ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्याला एक पोळी कमी करून हा स्कूप बसवता येतो. ज्याची मर्यादा ५० ग्रॅमची आहे, त्याचा मात्र दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका स्कूपमध्येच संपतो. कोन घेतला, वर सॉस ओतला किंवा पुण्यात मस्तानीचा ग्लास समोर आला, तर दिवसभर सांभाळलेला हिशेब पाच मिनिटांत मोडतो.

१३० आणि ५० हे आकडे प्रचलित वैद्यकीय व्याख्यांमधले आहेत. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेला आहार तो कमी कर्बोदकांचा, आणि २० ते ५० ग्रॅमचा तो कीटो. कीटो आहार १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी अपस्मारावरचा उपचार म्हणून सुचवला होता. आज आपल्याकडे या वाटेला वळणारे बहुतेक लोक रक्तातली साखर आणि वजन यांच्यासाठी वळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

इतक्या लोकांना ‘आइस्क्रीम सोडा’ असे सांगणे सोपे आहे. पण हे पथ्य वर्षानुवर्षे चालवायचे असते, आणि मन मारून चालवलेले पथ्य लग्नाच्या पहिल्या पंगतीत किंवा मे महिन्याच्या पहिल्या उकाड्यात सुटते. म्हणून आइस्क्रीमच्या तल्लफेचा विचार शास्त्राने करायला हवा. या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे: आइस्क्रीममध्ये साखर दोन कामे करते, गोडी देण्याचे आणि मऊपणा राखण्याचे. ही दोन कामे सुटी केली आणि वेगवेगळ्या घटकांकडे सोपवली, तर तल्लफही भागते आणि पथ्यही टिकते. घरचे प्रयोग फसतात ते पहिल्या कामाची सोय करून दुसरे विसरल्यामुळे.

२. तल्लफ नेमकी कशाची?

आइस्क्रीम खावेसे वाटते तेव्हा आपल्याला चार गोष्टी एकदम हव्या असतात: गारवा, स्निग्धपणा, सुवास आणि गोडी.

गारवा ही मज्जातंतूंची स्वतंत्र संवेदना आहे. टीआरपीएम-८ नावाचे ग्राहक प्रथिन थंडाव्याने आणि पुदिन्यातल्या मेंथॉलनेही चेतवले जाते. म्हणून पेपरमिंट तोंडात गार वाटते. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरच्या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्निग्धपणा दुधाच्या चरबीचा. ती फ्रीजमध्ये घट्ट असते आणि जिभेच्या उबेने वितळते. साय तोंडात विरघळते ती याच गुणामुळे. सुवास वेलचीचा, केशराचा, व्हॅनिलाचा. या सुवासांतले पुष्कळ रेणू स्निग्ध पदार्थात चांगले मुरतात आणि चरबी वितळताना सावकाश सुटतात.

या तिन्हींना कर्बोदके लागत नाहीत. कर्बोदकांशी थेट नाते आहे ते फक्त चौथ्या घटकाचे, गोडीचे.

तरीही आइस्क्रीमची ओढ बाकीच्या गोडापेक्षा जास्त का असते? चरबी आणि कर्बोदके एकत्र आली की मेंदूतल्या सुखकेंद्रांचा प्रतिसाद दोन्हींच्या वेगवेगळ्या प्रतिसादांच्या बेरजेपेक्षाही वाढतो, असे २०१८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. निसर्गात ही जोडी क्वचित भेटते. फळात साखर असते पण चरबी नसते, शेंगदाण्यात चरबी असते पण साखर फारशी नसते. दोन्ही एकत्र ठळकपणे भेटतात त्या दुधात, म्हणजे आपल्या पहिल्या अन्नात. ही ओढ इतकी जुनी आहे, म्हणून तिच्यासाठी स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही.

गोडीची आणखी एक गोष्ट पुढच्या विवेचनाला महत्त्वाची आहे. गार पदार्थ कमी गोड लागतो. गोड चवीचा संदेश पुढे नेणारे टीआरपीएम-५ हे प्रथिन थंडीत मंदावते, हे २००५ साली सिद्ध झाले. विकतचे आइस्क्रीम वाटीत पूर्ण वितळू द्या आणि मग चमचाभर चाखा. घशाशी येईल इतके गोड लागेल. उणे १८ अंशांवर जिभेला गोडी कळावी म्हणून तेवढी साखर घालावी लागलेली असते. उलट बाजूने पाहिले तर आइस्क्रीम थोडे कमी गार वाढले की कमी गोडीतही भागते.

३. आइस्क्रीमची अंतर्रचना

आइस्क्रीम म्हणजे गोठलेले गोड दूध, ही समजूत अपुरी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात चार भाग दिसतात: बर्फाचे स्फटिक, हवेचे बुडबुडे, चरबीचे कण, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा न गोठलेला साखरेचा घट्ट पाक.

बर्फाचे स्फटिक ५० मायक्रॉनच्या आत राहिले तर जिभेला जाणवत नाहीत. त्याहून मोठे झाले की आइस्क्रीम रवाळ लागते. पूर्वी घरोघरी भाड्याने आणलेला पॉट आठवा. लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ, मध्ये दुधाचे भांडे, आणि दांडा फिरवायला मुलांची रांग. मीठ बर्फाचा गोठणबिंदू खाली खेचते. योग्य प्रमाणात हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. भांड्याच्या कडेला धरलेला बर्फ पाते सतत खरवडत राहते, त्यामुळे स्फटिक मोठे व्हायच्या आत मोडतात आणि मिश्रणात हवाही शिरते. दांडा जड लागू लागला की आइस्क्रीम झाले, हे मुलांना कोणी शिकवावे लागत नसे.

हवेचे प्रमाण कायद्यालाही दखलपात्र आहे. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची चरबी, ३.५ टक्के प्रथिने आणि ३६ टक्के घनपदार्थ असावे लागतात, आणि एका लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरावे लागते. म्हणजे लिटरभर आइस्क्रीममध्ये जवळजवळ निम्मी हवा असू शकते. कर्बोदकांचा हिशेब म्हणूनच मिलिलिटरवर न करता ग्रॅमवर करावा.

चौथा भाग, म्हणजे न गोठलेला पाक, साखरेच्या दुसऱ्या कामाशी निगडित आहे.

४. साखरेचे दुसरे काम

पाण्यात काहीही विरघळले की त्याचा गोठणबिंदू खाली जातो. एक किलो पाण्यात एक मोल पदार्थ विरघळला तर तो १.८६ अंशांनी उतरतो. येथे वजनापेक्षा रेणूंची संख्या मोजायची. रेणू जितका हलका, तितके एका ग्रॅममध्ये रेणू जास्त आणि परिणाम मोठा.

एक किलो आइस्क्रीमच्या मिश्रणात १५० ग्रॅम साखर आणि ६२० ग्रॅम पाणी आहे असे धरू. साखरेचा रेणुभार ३४२. गणित केले तर एकट्या साखरेमुळे गोठणबिंदू सुमारे १.३ अंशांनी खाली जातो. दुधातली दुग्धशर्करा आणि क्षार मिळून आणखी एक अंश उतरवतात. म्हणजे मिश्रण उणे अडीच अंशांच्या आसपास गोठू लागते. पाण्याचा काही भाग बर्फ झाला की उरलेला पाक अधिक घट्ट होतो, त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो, आणि फ्रीजरच्या उणे १८ अंशांनाही पाण्याचा पाचवा हिस्सा तरी न गोठता राहतो. चमचा रुततो तो या पाकामुळे.

आता यातून साखर काढली आणि तिच्या जागी सुक्रालोजचे चार थेंब घातले तर काय होईल? गोडी भरून निघेल. पण १५० ग्रॅम साखरेची जागा काही मिलिग्रॅम पदार्थाने घेतल्यामुळे पाक जवळजवळ नाहीसा होईल, पाणी जवळपास सगळे गोठेल आणि हाती दगड येईल. घरी ‘शुगर-फ्री’ आइस्क्रीम करून पाहिलेल्या प्रत्येकाने हा दगड पाहिलेला असतो. सुरीने कापून खावे लागलेले ते आइस्क्रीम चवीला वाईट नसते. त्यात फक्त साखरेचे दुसरे काम करणारे कोणी नसते.

५. गोडीच्या पर्यायांची वर्गवारी

दोन कामांची ही कसोटी लावली की बाजारातल्या पर्यायांचे गट आपोआप पडतात.

पहिला गट तीव्र गोडकारकांचा: सुक्रालोज, स्टीव्हिया, अ‍ॅस्पार्टेम, असेसल्फेम. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये लेस्ली हफ यांच्या हाताखाली काम करणारे शशिकांत फडणीस साखरेच्या क्लोरीनयुक्त रेणूंवर संशोधन करत होते. एक नमुना तपासायला सांगितले होते. इंग्रजीतले ‘तपास’ आणि ‘चाख’ हे शब्द कानाला जवळचे, त्यामुळे त्यांनी तो चाखला आणि सुक्रालोजची गोडी कळली, अशी हकीकत सांगतात. या गटाला पहिले काम उत्तम जमते, दुसरे मुळीच नाही.

दुसरा गट पॉलिओलचा, म्हणजे शर्करा-अल्कोहोलचा. यात नशा आणणारे काही नसते. नाव फक्त रेणूच्या रचनेवरून पडले आहे. एरिथ्रिटॉलचा रेणुभार १२२, म्हणजे साखरेच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. ग्रॅमला ग्रॅम पाहिले तर ते साखरेच्या २.८ पट गोठणबिंदू उतरवते. गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के, ऊर्जा नगण्य, रक्तातल्या साखरेवर परिणाम जवळजवळ शून्य. त्याचा बहुतेक भाग लहान आतड्यातून शोषला जाऊन लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. कागदावर हा आदर्श पर्याय. प्रत्यक्षात थंडीत एरिथ्रिटॉलची विद्राव्यता झपाट्याने घटते. पाक घट्ट होऊ लागला की ते स्फटिक होऊन बाहेर पडते, आणि बाहेर पडलेला रेणू गोठणबिंदू उतरवू शकत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मऊ असलेले आइस्क्रीम तिसऱ्या दिवशी टणक आणि किंचित कुरकुरीत होते.

माल्टिटॉल याच गटातले, पण वेगळ्या स्वभावाचे. गोडी साखरेच्या ९० टक्के, रेणुभार ३४४, म्हणजे जवळजवळ साखरेइतकाच. दोन्ही कामे ते साखरेसारखी करते, म्हणून तयार आइस्क्रीमच्या उत्पादकांना सोयीचे. मात्र त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक ३५ च्या घरात आहे आणि ऊर्जा साखरेच्या निम्म्याहून अधिक. मधुमेह असलेल्याने त्याला शून्य धरणे ही सरळ चूक आहे.

तिसरा गट दुर्मीळ शर्करांचा. यातली अ‍ॅल्युलोज साखरेच्या ७० टक्के गोड, रेणुभार १८०, आणि थंडीतही विरघळलेली राहणारी. आइस्क्रीमसाठी सर्वांत योग्य. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली लेबलवरच्या एकूण साखरेत ती न मोजण्याची मुभा दिली. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना ती सहज मिळते.

चौथा गट भ्रमाचा: गूळ, मध, खजूर, काकवी. गूळ जवळजवळ पूर्णपणे शर्कराच आहे. मधात वजनाच्या ८० टक्के शर्करा असतात, खजुरात ७० टक्क्यांहून अधिक कर्बोदके. चव आणि खनिजे यांची बाजू कोणी मांडेल. पण ‘साखर नाही, गूळ घातलाय’ या वाक्याने स्वादुपिंड फसत नाही.

या वर्गवारीचा निष्कर्ष असा की एकच पर्याय निवडू नये. मऊपणासाठी थोडे एरिथ्रिटॉल, उरलेल्या गोडीसाठी चिमूटभर तीव्र गोडकारक, आणि स्फटिक आवरण्यासाठी थोडा डिंक, अशी विभागणी करावी.

६. दुधातली साखर आणि आटवण्याचा हिशेब

साखर काढली तरी दूध उरते, आणि दुधात स्वतःची शर्करा असते. एका लिटर दुधात ४८ ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा. आपली परंपरागत कुल्फी दूध आटवून होते. लिटरभर दूध तिसऱ्या हिश्श्यावर आणले की पाणी उडते, शर्करा मागे राहते. ३५० ग्रॅम रबडीत तीच ४८ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला जवळजवळ १४ ग्रॅम. साखरेचा कणही न घालता केलेली कुल्फी कर्बोदकांच्या बाबतीत साध्या आइस्क्रीमच्या अर्ध्या वाटेच्याही पुढे पोचलेली असते. दूध पावडर घातली तर आणखी पुढे. मलईविरहित पावडरीत निम्मी दुग्धशर्कराच असते. ‘बिनसाखरेची कुल्फी’ ही पाटी वाचताना हा हिशेब आठवावा.

मग घट्टपणा आणायचा कशाने? त्यालाही आपल्या स्वयंपाकघरात जुने उत्तर आहे. बाजारात मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या ताज्या क्रीममध्ये १०० ग्रॅमला ३-४ ग्रॅमच शर्करा असते. दही फडक्यात टांगून केलेल्या चक्क्यातही साधारण तेवढीच, कारण दुग्धशर्करा पाण्यात विरघळलेली असल्याने निथळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते आणि थोडी विरजणातले जंतू आधीच आंबवून टाकतात. मागे राहतात प्रथिने आणि चरबी, म्हणजे आइस्क्रीमला हवे तेच. श्रीखंडाचा दोष चक्क्यात नाही, त्यात जवळपास बरोबरीने पडणाऱ्या साखरेत आहे.

कोकणात आणि गोव्यात नारळाचे पहिल्या पिळण्याचे जाड दूध हाही चांगला पाया. फक्त थंडीत बाटलीतले खोबरेल कसे थिजते ते आठवावे: ही चरबी २४ अंशांखाली घट्ट होते. नुसत्या नारळाच्या दुधाचे आइस्क्रीम त्यामुळे जास्त टणक बसते आणि खाण्याआधी जास्त वेळ बाहेर ठेवावे लागते.

७. फळे आणि सुवास

मुंबईच्या जुहूत १९८४ साली रघुनंदन कामत यांनी फळांचा गर, दूध आणि साखर यांवर भर देणारे आइस्क्रीम विकायला सुरुवात केली आणि सीताफळ, चिकू, शहाळे हे स्वाद महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले. कमी कर्बोदकांच्या आहारात या फळांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. १०० ग्रॅम सीताफळात २३ ते २५ ग्रॅम कर्बोदके, केळ्यात २३, चिकूत २०, आंब्यात १५, आणि महाबळेश्वरच्या शेतांत पिकते त्या स्ट्रॉबेरीत साधारण ८, त्यांतही २ ग्रॅम तंतू.

म्हणजे सीताफळ आणि केळे बाजूला ठेवावे. हापूस मात्र पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नाही. ताज्या गराचे दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम, वाटीवर शेवटी घातले तर ३ ग्रॅम कर्बोदके येतात आणि सुवास पुरेपूर मिळतो. मिश्रणात घोटून गोठवलेला १०० ग्रॅम गर जेवढा सुवास देत नाही, तेवढा वरून घातलेला थोडा, न गोठलेला गर देतो. कारण गारव्यात सुवास दबतो. वेलची, जायफळ, केशर, कॉफी, बिनसाखरेचा कोको, भाजलेले बदाम आणि पिस्ते हे सगळे नगण्य किंवा मोजक्या कर्बोदकांत बसतात.

८. एक प्रमाण, हिशेबासह

पाच वाट्यांसाठी: २०० ग्रॅम ताजे क्रीम, १०० मिलिलिटर न आटवलेले दूध, १०० ग्रॅम चक्का, ४० ग्रॅम एरिथ्रिटॉल, चवीपुरते सुक्रालोज किंवा स्टीव्हियाचे थेंब, १ ग्रॅम गवार डिंक, चिमूटभर मीठ, वेलची आणि केशर.

डिंक थेट दुधात टाकला तर गुठळ्या होतात, म्हणून तो कोरड्या एरिथ्रिटॉलमध्ये आधी मिसळावा. दूध कोमट करून त्यात हे मिश्रण हलवत विरघळवावे, केशरही तेव्हाच घालावे. पूर्ण निवल्यावरच चक्का आणि क्रीम घालावे; गरम दुधात चक्का फाटतो. मिश्रण चाखताना ते हवे त्याहून थोडे जास्त गोड असावे, कारण गोठल्यावर गोडी उतरते. रात्रभर फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, ठेवावे. या वेळात चरबीचे कण घट्ट होतात आणि डिंक पाणी धरतो. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या पसरट डब्यात फ्रीजरमध्ये ठेवून दर पाऊण तासाने काट्याने कडेपासून आतवर खरवडावे, असे तीन-चारदा. पॉटच्या पात्याचे काम इथे काटा करतो. खायच्या आधी १५ मिनिटे डबा बाहेर काढावा.

हिशेब: क्रीममधून ७, दुधातून ५, चक्क्यातून ४, मिळून १६ ग्रॅम कर्बोदके. वाटीला ३ ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. तेवढ्याच वजनाच्या साध्या आइस्क्रीममध्ये २० ग्रॅमच्या आसपास. ऊर्जा मात्र वाटीला १४० कॅलरीच्या घरात. कर्बोदके घटली, कॅलरी फारशा नाहीत, हे विसरू नये. वाटी एकच.

९. विकतचे घेताना

पाकिटाच्या पुढच्या बाजूची अक्षरे जाहिरातीची, मागची कायद्याची, वाचायची मागची. पहिले पाहावे ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’. दुसऱ्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पतिजन्य चरबी असू शकते. मग घटकांत क्रमांक पाहावे: ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ४२० सॉर्बिटॉल, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. माल्टोडेक्स्ट्रिन दिसले तर ते सरळ स्टार्चमध्ये मोजावे. गोडीला ते फिके, पण रक्तातली साखर ग्लुकोजसारखी वेगाने वाढवते.

‘नो अ‍ॅडेड शुगर’चा अर्थ साखर वरून घातलेली नाही एवढाच, दुग्धशर्करा आणि माल्टिटॉल त्यात असू शकतात. समजा १०० ग्रॅमला कर्बोदके २२, तंतू ४ आणि माल्टिटॉल १२ ग्रॅम आहे. घाईने वजाबाकी करणारा ६ ग्रॅम धरतो. माल्टिटॉल निम्मे मोजले तर खरा आकडा १२ होतो, म्हणजे दुप्पट.

१०. मर्यादा आणि सावधगिरी

पॉलिओल जास्त खाल्ले तर पोट फुगते, जुलाब होतात. माल्टिटॉल आणि सॉर्बिटॉल यांत हे अधिक. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल हे पॉलिओल आणूच नये, त्याच्यासाठी ते विष आहे.

२०२३ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तातले एरिथ्रिटॉलचे प्रमाण आणि हृदयविकार-पक्षाघाताचा धोका यांचा संबंध दाखवला. शरीर स्वतःही थोडे एरिथ्रिटॉल बनवते, त्यामुळे या संबंधातून कारण सिद्ध झालेले नाही. पण हृदयविकार असलेल्यांनी रोजचा वापर टाळावा एवढे शहाणपण त्यातून नक्की घ्यावे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेतर गोडकारकांवर विसंबू नये अशी शिफारस केली. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नव्हती आणि पॉलिओल तिच्या कक्षेत नव्हते. तरी तिचा रोख योग्य आहे: जिभेला गोडाची सवय तशीच ठेवणारा पदार्थ औषध मानू नये.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके एकदम घटवली तर साखर धोकादायक पातळीवर खाली जाऊ शकते. ग्लिफ्लोझिन वर्गातली औषधे घेणाऱ्यांना कीटो आहारात रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असणारे, गरोदर स्त्रिया आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढलेले लोक यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा आहार सुरू करू नये. क्रीम आणि नारळ यांतली संपृक्त चरबी काहींचे कोलेस्टेरॉल ठळकपणे वाढवते.

आपल्या शरीराचे उत्तर मात्र स्वतः तपासता येते. ज्याच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्याने एका दिवशी नेहमीच्या जेवणानंतर, दुसऱ्या दिवशी त्याच जेवणावर वाटीभर आइस्क्रीम खाऊन, दोन्ही वेळा दोन तासांनी साखर मोजावी. लेबलवरच्या दाव्यांपेक्षा हे दोन आकडे अधिक विश्वासाचे.

११. निष्कर्ष

तल्लफेबद्दल दोन निरीक्षणे धीर देणारी आहेत. एकाच पदार्थाचे सुख पहिल्या काही घासांत सर्वाधिक असते आणि पुढे उतरत जाते. म्हणून लहान वाटी आणि लहान चमचा ही युक्ती खरोखर उपयोगी पडते. दुसरे, २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्यांची पिष्टमय पदार्थांची ओढ कमी झालेली आढळली. पथ्य जुने होत जाते तसे ते सोपे होते.

तेव्हा शास्त्राचा कौल असा: आइस्क्रीमचे चारपैकी तीन गुण कर्बोदकांशिवाय पूर्ण मिळतात. चौथ्यासाठी साखरेची दोन्ही कामे ओळखून ती वाटून द्यावी, दूध न आटवता क्रीम आणि चक्का वापरावा, फळ सुवासापुरते घ्यावे, जेवणानंतर एक लहान वाटी सावकाश खावी, आणि हे रोज न करता आठवड्यातून एक-दोनदा करावे. घरात कोणी मधुमेही असेल तर त्यांच्यासाठी वेगळे ‘पथ्याचे’ भांडे काढू नका. हेच आइस्क्रीम सगळ्यांसाठी करा आणि सगळ्यांच्या पंक्तीत त्यांची वाटी ठेवा.